आदिवासी आरोग्याचा तास

मी सार्वजनिक आरोग्य शिकवते. एकदा विभागप्रमुख सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, एमपीएचच्या अभ्यासक्रमात आता आदिवासी आरोग्याचा भाग आलाय," ते म्हणाले. "तो तुम्हीच शिकवा. तुमच्याइतकं योग्य दुसरं कोण?" ते चांगल्या मनानंच बोलत होते, तरी मला ते खटकलं. मी भिल्ल आहे हे आमच्या संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत ते कुणी उघड बोललं नव्हतं. मीही नाही.

आधीच्या कुणीतरी केलेल्या स्लाइड सरांनी पाठवल्या. पहिलीवर आदिवासींमधल्या आजारांची कारणं दिली होती: अज्ञान, अंधश्रद्धा, व्यसन. शेजारी कपाळावर गोंदलेल्या एका म्हातारीचा फोटो. मी लॅपटॉप मिटला, परत उघडला. हे शिकवलं तर घरी तोंड कसं दाखवू? आणि नाही शिकवलं तर वर्ग म्हणणार, मॅडम आपल्या माणसांची बाजू घेतात.

त्यातच गावाहून आईचा फोन आला. आमचं गाव वेरूळच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. धाकटा भाऊ वाळूजला कंत्राटावर कामाला, सुट्टीला तेवढा घरी जातो. भावजयीला नववा महिना लागलेला. आई म्हणाली, "पोरीच्या पायातले पैंजण रुतायला लागलेत. आशाताईनं बीपी बघितलं, लई हाय म्हनती. दवाखान्यात चल म्हणलं तर ही ऐकंना."

पायाला सूज आणि चढलेलं बीपी. याचा पुढं काय अर्थ होऊ शकतो, ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोन्ही हातचे जाऊ शकतात. मी भावजयीला फोनवर घेऊन आधी समजावलं, मग रागावले, मग रडकुंडीला आले.

"ताई, मागल्या बाळंतपनाला गेले व्हते की मी," ती म्हणाली. "तुमच्या आईला दाराबाहीर काढलं. बाळाच्या राखनीला बांधलेला माज्या कंबरंचा दोरा न इचारता कातरीनं कापला. कळा येत व्हत्या, तर तिथली बाई म्हनली, तुमा लोकांना वर्साला एक लागतंच, मंग आता कशाला वरडती? नाय जायाचं मला."

"तिथं नको जाऊ. इथं शहरात ये. मी आहे ना."

"तुमी आत याल का माज्याबरुबर?"

मला हो म्हणता आलं नाही. मी समाजकार्य शिकून या विषयात आलेली. प्रसूतीच्या वॉर्डात माझा काय अधिकार! "विचारून बघते," एवढंच म्हणाले. मग चाचरतच विचारलं, "तुझ्यावर गुदरलं ते वर्गात सांगू का? वर्गात डॉक्टर आहेत, नर्स आहेत."

ती म्हणाली, "सांगा. नाव नका घेऊ."

दुसऱ्याच दिवशी तास होता. निघण्याआधी आईनं कळवलं की सकाळपासून पोरीचं डोकं ठणकतंय. मी भावाला फोन करून वाळूजहून गावी निघायला सांगितलं आणि वर्गात गेले. स्लाइड उघडल्याच नाहीत. एका बाईची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं.

पुढच्या बाकावरचा एक दातांचा डॉक्टर म्हणाला, "पण मॅडम, त्या लोकांचा दवाखान्यावर मुळात विश्वासच नसतो ना?"

"ती गेली होती," मी म्हणाले. "विश्वास ठेवूनच गेली होती."

मागून एक सिस्टर उठली. ती बरीच वर्षं वॉर्डात काम करून शिकायला आलेली होती. "मॅडम, एका पाळीला आम्ही दोघी. एका खाटेवर दोन बाया. नातेवाइकांना आत घेतलं तर पाय ठेवायला जागा उरत नाही. आमचं कोण ऐकतं?" तिचा आवाज चढला होता.

"पण नीट बोलायला कुठं जागा लागते?" एक आयुर्वेदाची मुलगी हळूच म्हणाली. सिस्टरचा चेहरा उतरला. मग कुणीतरी विचारलं, त्या बाईचं पुढं काय झालं?

"अजून व्हायचंय," मी म्हणाले. "ती माझी भावजय आहे. आज सकाळपासून तिचं डोकं दुखतंय."

सिस्टर जागेवरून थेट माझ्यापाशी आली. "मॅडम, तास राहू द्या. डोकं दुखणं ही झटक्याआधीची खूण, आता थांबायचं नाही."

व्हरांड्यात उभं राहून तिनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या ओळखीच्या वॉर्ड इन्चार्जना फोन केला. मग माझा मोबाइल घेऊन भावजयीशी स्वतः बोलली. "मी सिस्टर बोलते. तुमच्या सासूबाई आत येतील. दोरा सोडावा लागला तर त्याच सोडतील, दुसरं कुणी हात लावणार नाही." पलीकडून ऐकू आलं, "मंग येते."

भाऊ दोघींना गाडीतून घेऊन येईपर्यंत त्या दवाखान्याच्या फाटकात मी सिस्टरसोबत उभी होते. रस्त्यात झटका आला तर, हे एकच डोक्यात. ती उतरली तेव्हा तोंड सुजलेलं, आईचा दंड घट्ट धरलेला. तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, लगेच सिझर करावं लागेल. दोरा आईनंच सोडला आणि पदराला बांधला. पण ऑपरेशनच्या खोलीत आईला जाऊ देईनात. भावजयीनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. शेवटी सिस्टर डॉक्टरांना विनवून स्वतः आत गेली, भावजयीचा हात धरून.

मुलगी झाली. अगदी मूठभर, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. भावजयीचं बीपी उतरायलाही वेळ लागला, आणि तोवर फोन वाजला की मी पहिल्याच घंटीला उचलायची. दोघी सुखरूप घरी गेल्या. जाताना मी विचारलं, इथं कसं वागवलं? "येक बाई वसकली," ती म्हणाली, "बाकीच्या बऱ्या व्हत्या."

सरांच्या कानावर सगळं गेलंच. त्यांनी पुढच्या वर्षी तास वाढवायचं ठरवलं, आणि वर म्हणाले, "मुलांना तुमच्याच गावी नेऊ. एक बस करू." आईच्या अंगणात वह्या घेतलेली चाळीस माणसं मला दिसायला लागली. मी भावजयीला विचारलं.

"येऊ द्या की," ती म्हणाली. "पर समदे येकदम नको. लेकरू झोपत नाय."

मी सरांना तेच सांगितलं. ते म्हणाले, बस पूर्ण भरली नाही तर खर्च मंजूर होत नाही. आमचं बोलणं अजून चालू आहे.