कमलाजींची सुधाताई

त्या दिवशी सकाळी कमलाजींचा फोन आला. "सुधा चली गई," एवढंच त्या म्हणाल्या. ताई गेल्याचं दुःख नंतर आलं... आधी टोचलं ते हे, की तिच्या उशाशी ही बाई होती, मी नव्हते. महिना उलटून गेला, ते अजून टोचतंच.

सुधाताई माझी थोरली बहीण. साताऱ्याहून जयपूरला वनस्पतिशास्त्र शिकवायला आली आणि इथलीच झाली. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या एका गल्लीत ती आणि तिच्याच कॉलेजातल्या कमलाजी एकत्र राहायच्या. दोघींचा अभ्यास दगडफुलाचा, म्हणजे आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याचा आणि खडकांवर वाढणाऱ्या त्याच्या भाऊबंदांचा. यजमानांची बँकेतून इथे बदली झाली तेव्हा वाटलं, आता ताई माझी. आमच्या प्रताप नगरातल्या घरात तिच्यासाठी एक खोली मोकळी ठेवली. सणाला ती यायची, पण कमलाजींना घेऊनच. जेवताना एकीची नावडती भाजी न विचारता दुसरीच्या ताटात जायची. मी आपली वाढत राहायची.

ताईचं हृदय थकलं तेव्हा मी तिला घरी न्यायलाच गेले. ती मला गच्चीवर घेऊन गेली. तिथे डोंगरातून आणलेला एक दगड होता, त्यावर राखाडी खपली. तिने पाणी शिंपडलं, तशी खपली हळूहळू हिरवी झाली.

"यात दोघं राहतात," ती म्हणाली. "बुरशी घर देते, पाणी धरून ठेवते. आतलं शेवाळ उन्हावर अन्न करतं, दोघांपुरतं. म्हणून तर उघड्या दगडावर निभतं."

"आणि वेगळं केलं तर?"

"शेवाळ तगेल कदाचित. बुरशीचं अवघड."

"तू यातली कोण?"

"बुरशी," ती लगेच म्हणाली.

खोलीचा विषय मी पुन्हा काढला नाही. जिना उतरताना कमलाजी औषध घेऊन वर येताना दिसल्या, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

परवा ताईच्या साड्या आणायला गेले. आईच्या साड्या त्या, माझाच हक्क. कमलाजी माझ्याशी नेहमी हिंदीतच बोलायच्या. त्या दिवशी दार उघडून म्हणाल्या, "आलीस व्हय? बस की घटकाभर, चा टाकते."

ताईचे शब्द, ताईचाच हेल... माझी मुलं मराठी अडखळत बोलतात, माझ्याही बोलण्यात निम्मी हिंदी शिरली आहे. आमच्या साताऱ्याच्या घरची बोली या बाईच्या तोंडी मात्र जशीच्या तशी होती. मत्सर वाटला, पण बसल्या जागेवरून उठवेना. साड्यांसाठी नेलेली पिशवी मी घडी करून मांडीखाली सारली.

"अजून बोला ना काहीतरी," मी म्हणाले.