दोनशे तेहतीसचा शिक्का

मी बैल घेतले, मेंढरं विकली, जुने टाइपरायटर भंगाराच्या भावात उचलून बारामतीत टायपिंगचा क्लास उभा केला. व्यवहारात मला कुणी फसवलं नाही. एकानंच फसवलं, आणि तो माझा लहानपणापासूनचा मित्र होता.

आम्ही दोघं वरकुट्याचे, मेंढरांमागं एकत्र हिंडलेले. पुढं तो पुण्यात कॉम्प्युटर जोडायला शिकला आणि इंदापुरात त्यानं छोटं दुकान टाकलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. क्लासमधली पोरं कॉम्प्युटर कधी येणार म्हणून विचारायला लागली, तेव्हा दुसऱ्या कुणाकडं जायचा विचारही माझ्या मनात आला नाही.

रविवारी आम्ही भिगवणला हायवेवरच्या खानावळीत भेटायचो. माशाच्या ताटाशेजारी कॉम्प्युटरची मासिकं उघडी असायची आणि वाद रंगायचे. रॅम सोळा एमबी पुरेल की बत्तीस घ्यावी? प्रोसेसर वेगवान घ्यावा, की त्यात वाचवून हार्ड डिस्क मोठी घ्यावी? माझा हट्ट एकच होता: प्रोसेसर दोनशे तेहतीस मेगाहर्ट्‌झचाच पाहिजे.

"लग्नपत्रिका छापणार का रॉकेट उडवणार हायस?" तो म्हणायचा.

"बारामतीत दुसऱ्या कुणाकडं नसंल असं पायजे."

भाव आम्ही बैलबाजारातल्या रीतीनं ठरवला. सुरुवात गमतीत झाली. त्यानं टॉवेल टेबलावर पसरला, दोघांनी त्याखाली हात घातले. बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही.

"म्हस घेताय का राव?" खानावळवाला हसला.

मी हसलो नाही. त्याची बोटं मी एकेक करून मागं सारत गेलो. शेवटी त्याचा पंजा ढिला पडला आणि मी टॉवेल ओढला. टॉवेल निघाला की भाव पक्का. त्यावर कुणी तोंड उघडत नाही. फक्त बाजारात बैल समोर उभा असतो. इथं माल अजून यायचा होता.

मशीन आलं. सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत २३३ उमटलं. मी गल्लीत पेढे वाटले.

चैत्र लागला आणि पत्र्याखालच्या त्या खोलीत मशीन मध्येच गोठायला लागलं. अर्धी पत्रिका टाइप झालेली, नवरीचा बाप शेजारी उभा, आणि पडदा मेल्यासारखा. मी मित्राला बोलावलं.

"गरमी हाय मर्दा," तो म्हणाला. "झाकण काढ, टेबलफॅन लाव."

मी झाकण काढून फॅन लावला. कागद उडायचे, पोरं विचारायची, "सर, ह्याला ताप आलाय का?" तो पुन्हा यायचा, रॅम बदलायचा, माझा चहा प्यायचा आणि बारामतीच्या हवेला नावं ठेवून जायचा.

एका दुपारी पुन्हा एक पत्रिका गेली. मी चिडून प्रोसेसरवरचा पंखा स्वतःच काढला. खाली प्रोसेसरवर छापलेला वेगाचा आकडा जरा तिरका वाटला. म्हातारा बैल तरणा दाखवायला त्याची शिंगं तासून तेल लावतात. म्हणून आम्ही शिंगावरून आधी हात फिरवतो. माझा अंगठा आपोआप त्या आकड्यावर फिरला. खाली बारीक खरखर लागली. कापसावर स्पिरिट घेऊन पुसलं, तर दोनशे तेहतीस कापसावर आलं.

प्रोसेसर खिशात घालून मी इंदापूरची एसटी धरली. वाटेत माझा सगळा राग, मित्र ज्याच्याकडून माल आणायचा त्या पुण्याच्या व्यापाऱ्यावर होता. दुकानात पोचताच तो तुकडा मित्रापुढं ठेवला.

"तुलाबी गंडवलंय त्या पुण्यातल्यानं. चल, आत्ताच्या आत्ता जाऊ. त्याचं दुकानच उलथं करतो."

त्यानं तुकड्याला हात लावला नाही.

"कुणी गंडवलं न्हाय. मला म्हाईत हुतं."

मला वाटलं तो थट्टा करतोय.

"एकशे सहासष्टचा हाय त्यो," तो म्हणाला. "तुला दोनशे तेहतीस पायजे हुता, आन् टॉवेलाखाली भाव पाडलास एकशे सहासष्टचा. मग काय आणणार हुतो मी?"

"मग तोंडानं सांगायचं हुतं!" मी इतका ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली.

"तुला न्हाय म्हटलेलं कधी खपतंय व्हय?"

"दुसऱ्याचं न्हाय खपत. तू म्हणायचं हुतं."

मी प्रोसेसर उचलून पायरी उतरलो, तेव्हा तो मागून म्हणाला, "बोर्डावरचा जंपर बदल. एकशे सहासष्टवर लाव. बंद पडणार न्हाय."

जंपर म्हणजे हरभऱ्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. दोन पिनांवरून काढायची, शेजारच्या दोन पिनांवर बसवायची, की प्रोसेसरचा वेग बदलतो; त्यानं ती लावून एकशे सहासष्टचा दोनशे तेहतीसवर पळवला होता, म्हणून तो तापत होता. दुसऱ्या दिवशी मी ती बदलली, झाकण लावलं, फॅन उचलून ठेवला. अख्ख्या वैशाखात मशीन एकदाही गोठलं नाही.

हेच मला पचलं नाही. खोटा शिक्का मी पोटात घातलाही असता. असा माल बाजारात मी खूप पाहिलाय. पण इलाज त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. गिऱ्हाइकांपुढं माझी अब्रू जात होती, मी घामाघूम होऊन उडते कागद धरत होतो, आणि तो समोर बसून माझ्याच कपातला चहा पीत होता. पडद्यावरचा आकडा उतरला तर मला कळेल, एवढ्यासाठी त्यानं मला तसंच राहू दिलं.

गावच्या लोकांनी समेटाचं बोलून पाहिलं. मी एकालाही पुढं बोलू दिलं नाही.