सोड्याच्या बाटलीचा हार

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, माझ्या ताईच्या गळ्यात सोड्याची बाटली होती.

हसा खुशाल. तीही हसायची.

आज पहाटे ती गेली. बालाघाटला, स्वतःच्या घरात, झोपेतच.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव रामपायलीजवळ. बाबांची बैलगाडी होती, गावभरचं धान राइस मिलला पोचवायचे. ताई एकोणीसची, मी चौदाची.

ताईला फुटक्या काचेचं भलतं वेड. बाजारात सोड्याची बाटली फुटली की बाकीच्या पोरी पाय उचलून पळायच्या आणि ही बया खाली बसून तुकडे रुमालात बांधायची.

"घासून घासून मणी करीन," म्हणायची.

आधी तिने काच आणि रेती एका डबीत भरून शेजारच्या काकांच्या सायकलच्या चाकात अडकवली. चाक इतकं जोरात फिरलं की काच एका बाजूला दबून बसली. जशी गेली तशी परत आली. वर माझं बोट कापलं.

मग तिची नजर बाबांच्या गाडीवर गेली. गाडीचं चाक कसं, सावकाश.

वनस्पती तुपाचा रिकामा डबा. आत काच, रेती, पाणी. झाकणावर जुन्या ट्यूबचं रबर. आणि तो डबा तारेने चाकाच्या आऱ्यांना बांधायचा.

बाबा भडकले. "चाकाले डबा बांधून जाऊ काय मी? लोक हासतीन ना!"

"हासू द्या ना बाबा. बैल तं नाई हासत."

लोक हसलेच. रस्ताभर खळ्ळ-खळ्ळ आवाज. पण आठवड्याभरात बाबाच रोज सकाळी तार ओढून बघायला लागले. रेती पार झिजली की नदीवर गाडी थांबवून स्वतः नवी भरायचे.

दोन महिने चाललं हे. शेवटी शेवटी रेती काढून मिलमधला धानाचा कोंडा भरला, चमक यायला.

आणि काय निघालं त्यातून! चिंचोक्याएवढे, हिरवेगार, गुळगुळीत मणी. मिलच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार गुंडाळून ताईने हार केला.

तोच घालून ती लांजीच्या पाहुण्यांसमोर बसली.

मुलगा मास्तर. मुलाची आत्या भारी चौकस. तिला मणी पाचूचे वाटले. हार बोटांनी चाचपून तिने बाबांना विचारलं, "पन्ना हाय का जी?"

आमच्या घरात दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"हौ," बाबा म्हणाले.

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. एवढा एक 'हौ' तोंडातून गेला आणि मग परत कसा घेणार?

लग्न ठरलं. साक्षगंधाची तारीख निघाली. तोवर पन्न्याच्या हाराची बातमी अर्ध्या लांजीत पोचली होती.

ताई म्हणाली, "मी सांगून टाकीन."

मी हातापाया पडले तिच्या. आज लिहायला लाज वाटते, पण पडले. "ताई, गप राह्य ना माय. लग्न मोडन. झाल्यावर सांग."

"मंग त्या घरात जलमभर मुंडकं खाली घालून राहू काय?"

साक्षगंधाला आत्याबाई चार बायका घेऊन आल्या, खास हार दाखवायला. ताई उठून उभी राहिली आणि मुलाच्या वडिलांना म्हणाली,

"मामाजी, हा पन्ना नोहे. सोड्याची शिशी हाय. म्या घासली."

मंडपातल्या बायका हाराकडे वाकून बघायला लागल्या.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "चला," म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागे सगळे पाहुणे उठले.

तेवढ्यात मुलाने विचारलं, "घासली कशी?"

सगळे उभे, आणि हा बसलेला. ताईने सांगितलं. डबा, रेती, गाडीचं चाक, कोंडा. तो शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता.

आत्याबाईंना कुठला धीर! "ते राहू दे. तुह्या बापानं हौ काहून म्हटलं मंग?"

बाबांनी मान खाली घातली.

ताई पटकन म्हणाली, "बाबाले माहीत नोहतं. म्याच त्यायले सांगलं होतं का पन्ना हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. खरं बोलायला उठली होती आणि बापासाठी भर मंडपात खोटं बोलली!

मुलाने एकदा बाबांकडे, एकदा ताईकडे बघितलं. मग आपल्या वडिलांना म्हणाला, "बाबा, बसा. चहा थंडा होऊन राह्यला."

वडील बसले. काहून बसले ते त्यांनाच माहीत. पण बसले, आणि साक्षगंध पार पडलं.

पन्नासच्या वर वर्षं मी हेच धरून चालले, की भाऊजींना तिचा खरेपणा आवडला. कित्येकांना तसंच सांगितलं.

आज दुपारी सगळं आटोपल्यावर भाऊजींपाशी बसले होते. म्हटलं, "भाऊजी, खरं बोलली म्हणून केली ना तुम्ही ताई?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

"खरं बोलली तेव्हा मले फक्त नवल वाटलं. पण मी विचार केला, डबा गाडीच्या चाकाले. गाडी कोण हाकत होतं? तिचे बाबाच ना. मंग त्यायले कसं माहीत नोहतं?"

मग तेच पुढे म्हणाले,

"मी समजलो. म्हटलं, हिच्याशीच करतो."

"तिला सांगितलं कधी?"

"नाई. तिले वाटे का कोणालेच समजलं नाई. राहू दिलं."

भाऊजी रडले. मीही रडले. आता लिहिताना पण रडतेय.

ताई, त्यांना माहीत होतं गं. पहिल्या दिवसापासून.

सुखाने जा. भाऊजींकडे आम्ही बघतो.

तुझी धाकटी.