बायोप्सीतला डाग आणि घरातला संशय

गेल्या मंगळवारी माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला बंगळुरूतल्या हेब्बाळच्या हॉस्पिटलात गेलो. के. आर. पुरमहून निघाल्यापासून कॅबमध्ये मंदारसाहेबांच्या मनात काय शिजतंय ते मला पक्कं ठाऊक होतं.

मंदार म्हणजे माझा नवरा. गेल्या वर्षी त्याने मला स्वतःची किडनी दिली. सगळं छान चाललं होतं आणि अचानक क्रिएटिनिन वाढायला लागलं, म्हणजे किडनी बिनसायला लागली.

तेव्हापासून माझ्यावर पाळत! मी गोळी गिळेपर्यंत हा समोर उभा. एकदा डस्टबिनमधली गोळ्यांची रिकामी पाकिटं उलटीपालटी करताना रंगेहाथ सापडला... वर म्हणतो, ओला-सुका कचरा वेगळा करतोय. वा रे वा! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी केला नाही तो!

एकही गोळी चुकवली नव्हती हो मी. पण खरं सांगू? संशय मलाही होता. याला किडनी दिल्याचा पस्तावा होतोय का? तो नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तरी माझ्या डोक्यात किडा वळवळायचा.

"स्वल्प वेट माडि," थोडं थांबा, असं कन्नडमध्ये म्हणून नर्सने बसवलं. मग डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर फोटो दाखवला. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने रंग चढला होता... सी-फोर-डी म्हणतात त्याला. अँटीबॉडी हल्ला करून निघून जातात, पण ही खूण मागे राहते, फडक्यावरच्या हळदीसारखी. माझंच शरीर मंदारच्या किडनीवर उठलं होतं.

"गोळ्या चुकल्या की असंच होतं ना, डॉक्टर?" मंदारने लगेच विचारलं. असा राग आला म्हणून सांगू!

होतं तसंही, त्या म्हणाल्या, पण हिच्या रक्तातली औषधाची पातळी दर वेळी बरोबर आहे. मग मला विचारलं, मूलबाळ? म्हटलं, एक मुलगी, ईरा... नववीत आहे.

मग त्यांनी समजावलं, बाळात निम्मा वाटा बापाचा. त्यामुळे गरोदरपणात आईच्या शरीराची त्या वाट्याशी ओळख होते, आणि कधीकधी त्याविरुद्धच्या अँटीबॉडीची आठवण राहून जाते. ट्रान्सप्लांटआधीच्या तपासण्यांत ती दर वेळी सापडतेच असं नाही. नक्की सांगता येत नाही, पण मंदारचीच किडनी आल्यावर ती आठवण जागी झाली असावी, असं त्यांचं मत पडलं.

मंदारचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर त्याने माझा हात धरला आणि "चुकलो गं" म्हणाला. मग मीही माझ्या मनातलं सांगून टाकलं. "वेडी आहेस का तू?" म्हणत तो हसला आणि एकदम रडायलाच लागला.

घरी आल्यावर आईची काही चूक नाही, हे ईराला सांगायची त्याला कोण घाई! सगळं सांगून टाकलं. "म्हणजे... माझ्यामुळे?" तिने विचारलं.

जवळ ओढलं तिला आणि म्हटलं, "तू व्हायच्या आधी कुणी हे सगळं सांगितलं असतं ना, तरी मी तुलाच मागितलं असतं."

आता रक्तातल्या अँटीबॉडी काढायला प्लाझ्मा बदलायची ट्रीटमेंट चालू आहे. किडनी टिकेल का, माहीत नाही. ईराला मी रोज तेच सांगते, ती मान डोलावते... पण तिला पटलंय असं काही वाटत नाही.

किडनी गेली तर डायलिसिस आहे. पोरीच्या मनात हे घर करून बसलं, तर कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?