डाव्या हातातला तांब्या

आमच्या शाळेला तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही. नववीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मी नववीला भूगोल शिकवते, म्हणजे सव्वीस वर्षं दिवसातून तीन-चार वेळा तो जिना चढत-उतरत आले. लहानपणीच्या पोलिओमुळे माझा डावा पाय जाडीला उजव्याच्या निम्मा आहे, हे शाळेत फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटायचं, बाई जरा सावकाश चालतात.

पन्नाशी उलटली आणि चांगला म्हणवणारा उजवा गुडघाही कुरकुरायला लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून मी उगाच वह्या चाळायची. हे आमच्या मुख्याध्यापिकांच्या लक्षात आलं. वयाने माझ्याहून लहान, पण नजर तिखट. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"बाई, तुमचे तास मी खाली आणते. तळमजल्यावरची चित्रकलेची खोली तुमची. पण संस्थेला कागद दाखवावा लागेल, नाहीतर उद्या सगळेच आपापले गुडघे घेऊन येतील माझ्याकडे. दिव्यांग प्रमाणपत्र काढा. चाळीस टक्के भरले की झालं. मग तो तुमचा हक्क आहे, माझे उपकार नाहीत."

कागद मिळाला नाही, तर दिवाळीनंतर स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण ते ठरवताना रडूच आलं होतं. मला अजून पाच वर्षं शिकवायचं होतं. दुसरं काही मला धड येत नाही. पोळ्यासुद्धा अजून आईच करते, आणि तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय.

डोंबिवलीत आता आम्ही दोघीच असतो. पण माझ्या चालण्याची गोष्ट सुरू होते कल्याणजवळच्या मोहन्याला. बाबा तिथे रेयॉनच्या कारखान्यात होते आणि आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायचो. पोलिओ झालेला पाय टाकताना गुडघा मुडपतो, म्हणून माणूस आपोआप मांडीवर हात दाबून चालतं. कडी नसलेलं दार हाताने दाबून धरावं, तसं. मीही तशीच चालायची. आईला ते बघवायचं नाही. ती सवय मोडायला तिने एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी घरासमोरच्या ओट्यावर रांगोळीची सरळ रेघ ओढायची आणि माझ्या डाव्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या द्यायची. रेघेवरून चालायचं, पाणी सांडायचं नाही. हातात तांब्या असल्यावर तो हात मांडीवर जाणार कसा? पाणी सांडलं की तांब्या पुन्हा भरायचा. वीस फेऱ्या. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची आणि नजर माझ्या पायावर. "डावा हात!" एवढंच ओरडायची.

मी शिकले. कंबरेला हिसका देऊन गुडघा मागे ढकलायचा आणि पाय ताठ ठेवायचा. दुखायचं, पण दिसायचं नाही. तरीही कुणी विचारलंच, तर आईचं उत्तर तयार असायचं, "नवी चप्पल चावतेय तिला." चार-चार वर्षं वापरलेल्या चपलाही मला चावायच्या.

पुढे तांब्या गेला, पण डावा हात रिकामा राहिला नाही. वह्यांचा गठ्ठा, छत्री, पर्स, काहीतरी हवंच. मला बघायला मुलं आली, तेव्हा चहाचा ट्रे होता. लग्न काही जमलं नाही आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही, पण ट्रेमधला चहा मी कधी बशीत सांडला नाही, हे मात्र सांगून ठेवते.

प्रमाणपत्राचं नाव आईने आयुष्यभर काढू दिलं नव्हतं. "एकदा कागदावर आलं की पुसता येत नाही," म्हणायची. म्हणून या वेळी मी तिला न सांगताच ऑनलाइन अर्ज भरला. ठाण्याच्या सरकारी रुग्णालयातली तारीख आली आणि मी शाळेच्या कामाला जाते असं सांगून निघाले.

आता माझा शहाणपणा ऐका. तपासणीला जायचं म्हणून मी इस्त्रीची सुती साडी नेसले, केसांत मोगरा तेवढा माळायचा राहिला. डॉक्टर तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने टेपने पाय मोजले, टाच धरून म्हणाला, "मॅडम, ढकला मला." मी सगळा जीव एकवटून ढकललं. परीक्षा म्हटली की मला कमी मार्क पडलेले चालत नाहीत. मग म्हणाला, "आता खिडकीपर्यंत चालून दाखवा." डाव्या हातात पर्स, मान ताठ, मी रेघेवरून चालावं तशी गेले आणि आले.

"छान चालता की तुम्ही!" तो म्हणाला.

आणि मी खूश झाले! चक्क लाजले. येताना ठाण्याहून आईसाठी सुरळीच्या वड्या घेऊन आले.

प्रमाणपत्र आलं, त्यावर छत्तीस टक्के होते. शाळेत पस्तीसला पास करतात, म्हणजे आमच्या हिशेबाने मी काठावर पास. इथे चाळीस लागत होते. मी तो कागद घेऊन स्टाफरूममध्ये बसले होते, तेवढ्यात शाळेतल्या मावशी चहा घेऊन आल्या. घंटा देण्यापासून मुलांची ढोपरं पुसण्यापर्यंत सगळं त्याच करतात, आणि माझं चालणं त्यांना माहीत होतं, कारण शाळा सुटल्यावर रिकाम्या जिन्यावर त्यांनी मला पाहिलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काय बाई तुम्ही पण! डॉक्टरसमोर कशाला ताठ चाललात? तिकडं काय तुम्हाला बघायला पोरगा आलेला?"

मी हसले, पण घरी पोचेपर्यंत त्या हसण्याचा संताप झाला होता. दार उघडताच कागद आईसमोर टाकला. "बघ. तुझ्या तांब्याने माझी नोकरी खाल्ली. पन्नास वर्षं चप्पल चावतेय म्हणालीस ना? आता बस म्हणत!" आणखीही बोलले, ते इथे लिहीत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चष्मा लावून आईने तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला, मागची बाजू कोरी होती तरी वाचली. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या झाल्या नाहीत, वरणभातावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत तिने विचारलं, "पुन्हा तपासा म्हणून सांगता येतं का त्यांना?"

"येतं. अर्ज करायचा असतो."

"मग कर. मी येते बरोबर."

नको म्हणून पाहिलं. पण माझ्या आईला नको म्हणून काही उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. तारीख मिळाली, तशा रिक्षा करून दोघी ठाण्याला गेलो. रुग्णालयाच्या दारात उतार केलेला होता, कठडाही होता. मी सवयीने शेजारच्या पायऱ्यांकडे वळले, तर आईने माझा दंड धरून मला उताराकडे ओढलं.

या वेळी डॉक्टर बाई होत्या, केस पिकलेल्या. त्यांनी विचारलं, "कधीपासूनचं आहे हे?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "दीड वर्षाची होती. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. पोलिओ." हा शब्द तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"बरं. आता खिडकीपर्यंत जाऊन या," बाई म्हणाल्या.

मी उठले. मान आपोआप ताठ झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. पहिलं पाऊल टाकणार, एवढ्यात मागून आवाज आला, "डावा हात!"

मी थबकले. बाकावर बसलेल्या आईने हात पुढे केला होता. "ती पर्स दे इकडे."

मी पर्स दिली. हात रिकामा झाल्यावर काय करायचं, ते त्या हाताला बरोबर ठाऊक होतं. मांडी दाबत, वाकत, झोके खात मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. परक्या माणसांसमोर अशी कधीच चालले नव्हते. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण खरं सांगू? कंबर दुखली नाही, याचंच नवल वाटत राहिलं. आई पर्स पोटाशी धरून सगळा वेळ बघत होती. या वेळी पायाकडे नाही, माझ्या तोंडाकडे.

परतीच्या रिक्षात कळवा मागे पडल्यावर तिने विचारलं, "घरात पण अशीच चालतेस?"

"तू देवळात गेलीस की."

पर्स डोंबिवली येईपर्यंत तिच्याच मांडीवर होती.

नव्या कागदावर चाळीसच्या वरचा आकडा आला. नववीची मुलं आता भूगोलाला चित्रकलेच्या खोलीत येतात आणि नळ जवळ असल्याने फार खूश असतात. भिंतीवरच्या जलरंगातल्या कोंबड्यांशेजारी मी भारताचा नकाशा लावलाय. त्या खोलीत बसून वह्या तपासताना मला इतकं बरं वाटतं, की घंटा झाल्यावरही उठावंसं वाटत नाही.

वर्ग खाली आला त्याच आठवड्यात आई एकटीच बाजारात गेली होती. संध्याकाळी मी घरात शिरले, तर टेबलावर एक नवी पर्स ठेवलेली. रंग भडक मरून, माझ्या आवडीचा अजिबात नाही, आणि पट्टा भलताच लांब.

"ही गळ्यातून तिरकी घालायची," आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "घालून दाखव बघू. आणि चाल जरा, मला बघू दे, हात मोकळा राहतो का ते."

मी पर्स तिरकी घातली आणि तिच्यासमोर, मांडीवर हात दाबत, दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत चालत गेले.