सुभेदारांनी सांगलीला ओढून नेलेले घर

आमचे सुभेदार कोणत्याही जोडलेल्या वस्तूला हिसका दिल्याशिवाय पुढे जात नसत. दाराची कडी, पाण्याच्या टाकीची नळी, म्हशीचे दावे, सर्वांना हा नियम सारखाच लागू होता. एका लग्नात आशीर्वाद द्यायला गेले असता त्यांनी वधूवरांच्या उपरण्याची गाठच अशी ओढली की नवरदेव उभ्या जागी वाकला. “गाठ पक्की हाय,” असा दाखला सर्वांसमक्ष देऊन ते पंगतीकडे निघून गेले. वरमाईने त्यानंतर त्यांच्याशी संभाषण बंद केले, आणि सुभेदारांच्या ते कधी लक्षातही आले नाही.

वस्तुतः ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सुभेदारी त्यांना आमच्या म्हसवड गावाने बहाल केली आणि त्यांनी ती विनाहरकत स्वीकारली. पलटणीत त्यांचे काम डोंगरात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्याचे. त्यामुळे समस्त मनुष्यजातीचे त्यांनी दोनच वर्ग केले होते, ओढणारे आणि ओढले जाणारे. मी तहसील कचेरीसमोर बसून अर्ज, विनंत्या व हरकती लिहितो. तालुक्यातील निम्म्या गाऱ्हाण्यांना माझ्या लेखणीमुळे वाचा फुटलेली आहे. तरीही सुभेदार मला ‘मुन्शी’ म्हणत आणि दुसऱ्या वर्गात धरत, याची नोंद येथे करणे भाग आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी एक अवाढव्य जुनी एसयूव्ही घेतली आणि तिच्यामागे आकड्याला जोडून ओढण्यासाठी चाकांवरचे पत्र्याचे घर बांधून घेतले. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, एवढीशी मोरी, आणि खिडकीला जाळीसुद्धा. परवानगीचा पत्रव्यवहार अर्थातच माझ्या हस्ते झाला. बायकोला कोकण दाखवायचे, हा त्यांचा उद्देश. बायको, म्हणजे आमच्या आक्का, मेंढपाळाच्या घरच्या. त्यांचे सगळे लहानपण बापाच्या मेंढरांमागे कोकणात उतरण्यात आणि परत घाट चढण्यात गेलेले. घर पाहून त्या म्हणाल्या, “आवं, पायानं हिंडून दमले तवा कुठं ह्या भिताडात टेकले. आता भिताडच हिंडवता व्हय?” कोकण तिथेच संपले. घर अंगणात उभे राहिले आणि गाव त्याला ‘डबा’ म्हणू लागले.

डब्यासंबंधी सुभेदारांचे कायदे कडक होते. चालू गाडीच्या मागे आत कोणीही बसायचे नाही, हा पहिला. जत्रेला निघालेल्या शेजाऱ्याने एकदा विनवले, “सुभेदार, आत पलंग हाय, पंखा हाय, रिकामंच चाललंय. बसू द्या की चार बायकास्नी.”

“घर हाय ते, यस्टी न्हाई. आकडा तुटला तर पलंगासकट वढ्यात जाशील. मंग पंखा लावून बस.”

दुसरा कायदा वजनाचा. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझे झाले की पुढचे जू वर उचलले जाते. त्या गाडीला आमच्याकडे ‘उलाळ’ म्हणतात. सुभेदारांच्या मते मोटारीमागच्या घराचीही तीच गत. जड सामान चाकांच्या किंचित पुढे, हलके मागे, म्हणजे आकड्यावर बेताचा भार राहतो. घर उलाळ झाले की शेपटी हलवू लागते आणि ती शेपटी पुढच्या गाडीला हलवते. हे व्याख्यान त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवले की मी ते पाठीमागून पुढेही म्हणू शकेन.

अशात आक्कांना तो आजार निघाला. सांगलीच्या दवाखान्यात महिनाभराहून अधिक काळ रोज मशीनचा, म्हणजे किरणांचा, शेक घ्यावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. लेक सांगलीतच दिलेली. जावई हळदीच्या पेठेत कारकून, माणसे चांगली. परंतु आक्कांनी साफ नकार दिला.

“लेकीच्या दारात दोन दिसाची पावनी म्हणून जावं. तिच्या सासूच्या डोळ्याम्होरं वकत, लोळत पडायला मी जानार न्हाई. मेले तर हितं मरीन.”

लेक रडली, मुलगा लोणंदहून येऊन रागावून गेला. मीही शेकाच्या लाभांविषयी मुद्देसूद निवेदन केले, ते वाया गेले. सुभेदार मात्र अंगणात जाऊन डब्याचे टायर दाबून आले आणि म्हणाले, “मंग घरच न्हेतो सांगलीला. तुज्या घरात राहा, तुज्या पलंगावर लोळ.”

मेंढपाळ आपल्या फिरत्या मुक्कामाला ‘वाडा’ म्हणतात. “वाडा हलला की बाईनं मागं ऱ्हाऊ नये, आसं आई म्हनायची,” आक्का म्हणाल्या. “कवा निघायचं?”

निघायच्या दिवशी सुभेदारांनी आकड्याला तीन हिसके दिले, खालच्या दोन साखळ्या एकमेकींवरून कात्रीसारख्या घातल्या, मागचे दिवे मला पुन्हा पुन्हा पाहायला लावले. आक्का गाडीत मागच्या आसनावर उशीला टेकल्या. कागदपत्रांचा प्रसंग येणार म्हणून मी पुढे बसलो.

विट्याच्या पुढे उतारावर उसाचा एक ट्रक भर्रकन शेजारून गेला, आणि आमची गाडी कमरेतून हलू लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर वेळी अधिक.

“आवं, मागनं कोन ढकलतंय का?” आक्का ओरडल्या.

“ब्रेक! सुभेदार, ब्रेक मारा!” मी म्हणालो.

“गप बसा मुन्शी! ब्रेक मारला तर घर आपल्या आदी सांगलीत जाईल!”

त्यांनी पाय उचलला, चाक सरळ धरून ठेवले, आणि डाव्या हाताने एक छोटा दांडा हळूच दाबला. त्याने फक्त मागच्या घराचे ब्रेक लागतात. घराने दोनदा शेपूट हलवली आणि ते मुकाट सरळ झाले. पुढे एका ढाब्यासमोर आम्ही थांबलो. सुभेदारांनी उतरून आधी आकड्याला हिसका दिला.

मग घराचे मागचे दार उघडले तर दारालगतच आक्कांचे दगडी जाते आणि बाजरीची दोन पोती. निघता निघता गल्लीतल्या बायकांनी प्रेमाने चढवलेली.

“जातं हितंच ठिवायचं,” सुभेदार गरजले.

“जातं ऱ्हायलं तर मी बी ऱ्हाते,” गाडीतून आक्कांचे उत्तर आले.

“अगं, त्येच्यापायी जीव जात हुता आत्ता!”

“मंग म्होरं सरकवा. मागं ठिवलं ही जात्याची चूक हाय व्हय?”

आम्ही दोघांनी जाते आणि पोती पुढे सरकवली. धापा टाकत सुभेदार म्हणाले, “तुमच्या अर्जागत झालं बघा, मुन्शी. दोन पानं सायेब मायबाप, आन् सगळं वजन शेपटीला. सायेब वाचतोय कशाला तितवर?” तेव्हापासून मी मागणी पहिल्याच ओळीत लिहितो, आणि साहेब लोक ती वाचतात.

सांगलीत एका हळद व्यापाऱ्याने जावयाच्या ओळखीवर वखारीचे आवार दिले. तिथे घर मागे घेताना जे झाले ते सगळ्या पेठेने पाहिले. आक्का गाडीतून उतरून काठीने इशारे करू लागल्या.

“डावं घ्या, डावं!”

“तुजं का माजं?”

“घराचं!”

मागे घेताना चाक डावीकडे वळवले की घर उजवीकडे जाते, हे सुभेदारांना ठाऊक आणि आक्कांना अमान्य. शेवटी हमालांनी दोघांनाही गप्प बसवले आणि घर जाग्यावर लागले.

तिसऱ्या दिवशी लेकीची सासू भेटायला आली. आक्कांनी तिला आपल्या पलंगावर बसवले, आपल्या ओट्यावर चहा उकळवला, आणि ती निघताना तिच्या कपाळाला कुंकू लावून त्या म्हणाल्या, “येत जावा आमच्या घरी.” शेकाने तोंड आलेले, घास गिळवत नव्हता, पण विहीणबाईंची पाठ वळताच त्या सुभेदारांकडे पाहून अशा हसल्या की ते उगीचच टायर तपासायला बाहेर गेले. शेक पुरा झाला. आक्का बऱ्या झाल्या.

गेले ते सुभेदारच, गेल्या उन्हाळ्यात. आयुष्यभर सर्वांना सूचना देणारा माणूस एकही सूचना न देता, दुपारच्या झोपेत गेला. म्हसवडला परत आणल्यापासून घर गाडीला जोडलेलेच उभे होते. महिन्याने मुलगा गाडी लोणंदला न्यायला आला आणि आकड्याशी झटू लागला.

“थांब रं,” म्हणून आक्का उठल्या. त्यांनी कुंपणाकडचे चार दगड आणून घराच्या चाकांना पुढूनमागून लावले. पुढची टेकणी फिरवून जमिनीला टेकवली. दिव्यांची वायर काढली, साखळ्या सोडल्या, आणि शेवटी आकड्याची कळ उचलली.

“आई, तुला कुणी शिकवलं?”

“कुनी न्हाई. ते बडबडायचे. त्यास्नी वाटायचं मी ऐकत न्हाई.”

मुलाने गाडी सुरू केली. घर तसूभरही हलले नाही. सवयीने तो आरशात पाहत, जपून, गाडी पुढे घेऊ लागला. आक्का त्याच्या खिडकीपाशी गेल्या.

“जा बाबा, सरळ बघून जा. मागं आता काय न्हाई.”