मोरपंखी वाडगा

तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या हेमाताई आपटे वारज्यातल्या घराच्या गच्चीत मातीची भांडी करू लागल्या. केळीच्या सालीची राख, खडकवासल्याचा गाळ, सापडेल त्याचा लेप चढवायचा आणि भट्टीत भाजायचं. निघायचं ते बहुधा शेणाच्या रंगाचं. यजमान माधवराव त्यातच निमूटपणे आमटी खात.

एका रविवारी मात्र भट्टीतून चक्क मोरपंखी वाडगा निघाला. हेमाताईंनी आपली प्रयोगाची वही तीनदा वाचली, पण असा रंग यावा असं त्यात काहीच नव्हतं.

"अहो, माझ्या लेपाच्या बादलीत काही टाकलंत का?"

"टाकलं नाही. हिरवी पडलेली तांब्याची कळशी त्यात विसळली. मला वाटलं, घाण पाणी आहे."

"आणि सांगितलं नाहीत?"

"वाडगा बिघडला असता तर आत्ताही सांगितलं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून माधवराव सोसायटीत दारोदार जाऊन हिरवी पडलेली तांब्याची भांडी घासायला मागू लागले. आपट्यांनी कल्हईचा धंदा काढला, अशी बातमी पसरली. पण पुढचे चारही वाडगे मोरपंखी निघाले. प्रत्येकाच्या बुडाशी हेमाताईंनी स्वतःच्या नावाखाली माधवरावांचंही नाव कोरलं होतं.

माधवरावांनी चष्मा पुसला आणि ते वाचून म्हणाले, "अक्षर थोडं मोठं चाललं असतं."